गोटी सोडा, चिंचवणी आणि मंडईची जिलबी

(आमच्या प्रतिनिधीकडून)

सौंदड (जि. गोंदिया) : नागपूरहून पूर्वेकडे निघालेला मुंबई-कोलकाता महामार्ग भंडारा, लाखनी आणि साकोली ओलांडून गोंदिया जिल्ह्यात शिरतो, तेथे सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव लागते. जुन्या पिढीच्या तोंडी या रस्त्याचे नाव अद्याप 'सहा नंबर' असेच आहे. सरकारदरबारी तो आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ झाला आहे. गोंदियाहून वडसा, नागभीडमार्गे बल्लारशाकडे जाणारा लोहमार्गही याच गावातून जातो. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात अरुंद मापाचा असलेला हा मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला. रस्ता आणि रूळ दोन्ही जवळ असलेल्या गावाचे जे होते तेच सौंदडचेही झाले. बाहेरची चव येथे लवकर पोहोचली आणि गावची चव तितक्याच लवकर मागे सरली.

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू होतो आणि पूर्व विदर्भात पारा ४४-४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी पाहुणा आला की 'थंडा' मागवण्याची रीत आहे. 'शीतपेय' हा शब्द वर्तमानपत्रापुरताच, बोलण्यात 'थंडा'च. मात्र या एका शब्दाखाली काय काय येते, याचा हिशेब मांडू लागले की या भागाच्या खाण्यापिण्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहासच समोर उभा राहतो. गोटी सोडा त्यात आहे, उसाचा रस आहे, चिंचवणी आणि पन्हे आहे, काळा कोला आहे आणि प्लास्टिकच्या नळीत गोठवलेले रंगीत पाणीही आहे. गोडाचे तसेच. यांतील कोणता पदार्थ टिकला आणि कोणता गेला हे चवीपेक्षा अधिक एका साध्या गोष्टीवर ठरले. तो पदार्थ, किंवा तो ज्यात भरला आहे ती बाटली, किती दूर जाऊन परत येऊ शकते, ही ती गोष्ट.

बाटली परत येण्याचे अंतर

पाण्यात वायू दाबून भरण्याची युक्ती युरोपातली. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाने १७६७ साली ती करून दाखवली आणि पुढे जिनिव्हात याकोब श्वेप याने तिचा व्यापार उभा केला. अडचण होती ती बुचाची. वायूच्या दाबाने बूच उडे किंवा हळूहळू वायू निसटून सोडा 'मरून' जाई. त्यावर हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने तोडगा काढला आणि १८७० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचे पेटंट घेतले. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची कडी, एवढीच ती रचना. बाटली उलटी करून भरतात. गोटी कडीवर येऊन बसते आणि आतल्या वायूचाच दाब तिला तेथे घट्ट धरून ठेवतो. म्हणजे जो वायू बूच उडवीत होता, त्यालाच बुचाचे काम दिले. बोटाने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी खाली ढकलली की तो प्रसिद्ध आवाज होतो. गळ्याला आतून दोन खळ्या असतात. ओतताना बाटली योग्य बाजूने तिरपी केली तर गोटी त्या खळ्यांत अडकते आणि तोंड मोकळे राहते. नवख्याने चुकीच्या बाजूने बाटली धरली की गोटी पुन्हा तोंडाशी येते, आणि सोडावाला हसतो.

मराठी मुलखात ही बाटली 'गोटी सोडा' या नावाने रूढ झाली. तिचा कारखाना म्हणजे बहुधा एक खोली. वायूचे नळकांडे, साखरेचा पाक, अर्क आणि हाताने फिरवण्याचे यंत्र एवढा तिचा संसार. पाक व पाणी भरलेल्या बाटल्या यंत्राच्या पेटीत अडकवायच्या, वायूची तोटी सोडायची आणि दांडा धरून पेटी फिरवायची. फिरताना वायू पाण्यात मुरतो आणि बाटल्या उलट्या झाल्या की गोट्या आपापल्या जागी बसतात. बाटली फुटण्याची भीती असल्याने पेटीला जाड आवरण असते. लिंबू, ऑरेंज, जिरा, आले हे नेहमीचे स्वाद. जाता जाता एक नोंद करायला हवी : जुन्या दंगलींच्या बातम्यांत 'सोडावॉटरच्या बाटल्यांचा मारा' हे शब्द हमखास आढळतात, ते याच बाटल्यांमुळे. तेवढी जाड काच आणि तेवढा दाब दुसऱ्या कशात सहज मिळत नसे.

या धंद्याचे अर्थशास्त्र बाटलीभोवती फिरत होते. काचेची बाटली सोड्याहून कितीतरी महाग. ती ग्राहकाने तेथेच रिकामी करून परत द्यायची, सोडावाल्याने खोक्यात भरून सायकलवरून किंवा बैलगाडीतून कारखान्यात न्यायची आणि धुऊन पुन्हा भरायची. रिकामी बाटली ज्या अंतरावरून त्याच दिवशी परत येऊ शकेल तेवढाच त्या सोड्याचा मुलूख. त्यामुळे तालुक्याच्या प्रत्येक गावाला आपला सोडा आणि आपली चव असे. एका गावच्या जिऱ्यात सैंधव अधिक, दुसऱ्याच्या लिंबात साखर अधिक. ही विविधता कोणी ठरवून जोपासलेली नव्हती, ती बाटलीच्या किमतीतून आपसूक आली होती.

महाराष्ट्राच्या मोठ्या शहरांत हाच धंदा पारशी कुटुंबांनी नावारूपाला आणला. मुंबईत पालनजींचा सोडा १८६५ पासूनचा, पुण्याच्या कॅम्पातील अर्देशीर १८८४ पासूनचे, तर दिनशॉजी पांडोळे यांनी १८८९ मध्ये मुंबईत 'ड्यूक्स'ची स्थापना केली. ड्यूक्सचे रासबेरी आणि 'मँगोला' ही नावे मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ होती. विदर्भात त्या जोडीला बसवता येईल असे नाव म्हणजे नागपूरचे 'दिनशॉज'. १९३२ साली राणा बंधूंनी सुरू केलेला हा व्यवसाय मात्र दुधाचा आणि पुढे आइसक्रीमचा. सोड्याच्या बाबतीत पूर्व विदर्भातील गावे ज्याच्या त्याच्या खोलीतल्या यंत्रावरच अवलंबून राहिली.

गोटीची बाटली केवळ आपल्याकडेच टिकली असे मात्र नव्हे. जपानमध्ये 'रामुने' या नावाने ती आजही मोठ्या कारखान्यांत भरली जाते. आपल्या देशातही २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने 'गोली पॉप सोडा' या नावाने गोटीबंद सोडा आखाती देश, ब्रिटन व अमेरिकेत निर्यात होत असल्याचे जाहीर केले. खोलीतल्या यंत्रावरचा सोडा तालुक्याबाहेर जाऊ शकत नव्हता, तो एकदम समुद्रापार गेला! अर्थात निर्यातीची बाटली परत येत नाही. तिचा हिशेबच निराळा.

मोठ्या बाटल्यांचा काळ

सायकलीच्या अंतराचा नियम प्रथम मोडला तो मोठ्या कंपन्यांनी. कोका-कोला १९५० साली भारतात आली. १९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात, तत्कालीन उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी परकीय भांडवलाच्या अटींवरून न पटल्याने, ती देश सोडून गेली. सरकारने मॉडर्न बेकरीच्या कारखान्यातून 'डबल सेव्हन' काढले, पण ते फार चालले नाही. रिकामी जागा घेतली ती मुंबईच्या पार्ले कंपनीने. 'गोल्ड स्पॉट' आधीपासून होतेच, 'लिम्का'ही होते. १९७७ मध्ये 'थम्स अप' आले. ही पेये ठिकठिकाणच्या परवानाधारक कारखान्यांत भरली जात आणि ट्रकने महामार्गावरच्या गावांत पोहोचत. बाटली याही पेयांची परत करावी लागे, पण सायकलीच्या जागी आता ट्रक होता.

पेप्सी १९९० मध्ये बाजारात आली. कोका-कोला १९९३ मध्ये परतली आणि तिने पार्लेची प्रमुख पेये विकत घेतली. पुढच्याच वर्षी ड्यूक्स पेप्सीकडे गेले. पुढे बाटली काचेची न राहता प्लास्टिकची झाली आणि परत देण्याचा प्रश्नच मिटला. २००३ च्या सुमारास दोनशे मिलिलिटरची बाटली पाच रुपयांत मिळू लागली, तेव्हा खेड्यातल्या सोडावाल्याचा उरलासुरला आधार, म्हणजे स्वस्ताई, तीही गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिचा अहवाल संसदेत आला. शीतपेयांसाठी प्रमाणके ठरवण्याची चर्चा त्यातून सुरू झाली. विक्रीवर काही काळ परिणाम झाला, परंतु लोक गोटी सोड्याकडे परतले नाहीत. ज्या खोल्यांतून तो निघत असे त्यांतील अनेक तोवर बंद पडल्या होत्या.

अलीकडे वारे पुन्हा थोडे फिरले आहे. रिलायन्सने 'कॅम्पा' हे जुने नाव २०२२ मध्ये घेऊन २०२३ मध्ये दहा रुपयांच्या बाटलीसह बाजारात आणले आणि सुरतेच्या 'सोसयो'मध्येही निम्मा वाटा घेतला. प्रादेशिक पेयाचे नाव राहते, मालकी बदलते आणि बाटली देशभर जाते. याला प्रादेशिक पेयाचे पुनरुज्जीवन म्हणावे काय, याबद्दल प्रस्तुत प्रतिनिधी साशंक आहे.

या साऱ्या स्पर्धेत एका नावाचे मात्र गमतीशीर रूपांतर झाले. प्लास्टिकच्या बारीक नळीत साखर, रंग आणि पाणी गोठवून जी कांडी विकली जाते, तिला महाराष्ट्रातील गावोगावची मुले 'पेप्सी' म्हणतात. शाळेच्या फाटकाबाहेरच्या या 'पेप्सी'चा अमेरिकेतील कंपनीशी काडीचा संबंध नाही. ती जवळच्याच कुठल्यातरी घरातल्या डीप फ्रीझरमध्ये तयार होते आणि तासाभरात वितळते. म्हणजे गोटी सोड्याचा खरा वारस कोणी असेल तर तो हा : एका खोलीत बनणारा, एका गावापुरता आणि स्वस्त.

बाटलीत न गेलेली पेये

बाटल्यांच्या या कथेच्या बाहेर राहिली ती घरची पेये. त्यांना दुकान लागत नाही, ऋतू लागतो.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे वैशाखाच्या ऐन उन्हात, विदर्भात पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात. त्या दिवशी ताटात चिंचवणी असते. चिंच भिजवून कोळ काढायचा, त्यात गूळ विरघळवायचा, पाणी घालून सैल करायचे आणि वर वेलची. काही घरी चिमूटभर मीठही घालतात. कैरी उकडून केलेले पन्हे तिच्या जोडीला. या आंबटगोड पाण्यासोबत कुरडई, शेवया किंवा सरगुंडे वाढतात. सरगुंडे ही काडीवर गुंडाळून वाळवलेली हातशेवई. आंब्याच्या रसातही ती खातात. बाहेरगावच्या पाहुण्याला चिंचवणी हे पेय की पक्वान्न असा प्रश्न पडतो. वाढणाऱ्या बाईला तो पडत नाही.

उन्हाळ्यात पिकणारे बेलफळही सरबतासाठी उपयोगी. त्याचा गर पाण्यात कुस्करून, बिया व रेषा गाळून, गूळ किंवा साखर घालतात. हिवाळ्यात अंबाडीची लाल बोंडे निघतात. अंबाडीचा पाला भाजीत जातो आणि बोंडांच्या मांसल पाकळ्यांचे आंबट, गडद लाल सरबत होते. त्याचा रंग इतका देखणा असतो की कृत्रिम रंग घातल्याचा संशय यावा. वैनगंगा आणि चुलबंदच्या खोऱ्यात ऊसही होतो, त्यामुळे महामार्गाच्या कडेला रसवंतीची घुंगरे उन्हाळाभर वाजत असतात. उसाचा रस काढल्यापासून काही मिनिटांतच काळसर पडू लागतो आणि त्याची चव उतरते. म्हणूनच त्याला बाटलीत भरण्याचे प्रयत्न होऊनही रसवंती शाबूत आहे.

आणि मोह. गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुले गळतात आणि सूर्य वर येण्याआधी ती वेचली जातात. मांसल, गोड असे हे फूल वाळल्यावर मनुक्यासारखे दिसते. त्यात साखरेचा अंश मोठा असतो. बाहेरच्या जगाला मोह म्हटले की दारू आठवते, आणि कायद्यालाही इतकी वर्षे तेवढेच आठवत होते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याखालील नियमांमुळे मोहफुले साठवणे व नेणे यांवर बंधने होती. राज्य मंत्रिमंडळाने २०२१ च्या मे महिन्यात ती उठवली. वस्तुतः वाळलेली मोहफुले भाजून, तीळ-गुळाबरोबर कुटून केलेले लाडू हा जंगलपट्ट्यातील घरचा खाऊ आहे. त्या लाडवाला शहरातील पौष्टिक पदार्थांच्या दुकानांत आता जागा मिळू लागली आहे. वेचणाऱ्या बाईच्या हाती त्यातले किती येते, हा प्रश्न निराळा आणि अधिक महत्त्वाचा. याच जंगलातील चारोळीचे उदाहरण त्यासाठी पुरेसे बोलके आहे. श्रीखंड-बासुंदीवर पसरलेली चारोळी शहरात महागडी म्हणून चिमटीने वापरतात. तीच 'चार'ची फळे गोळा करणारी मुले गर खाऊन बी टाकून देताना किंवा आठवडी बाजारात किरकोळ भावाने देऊन टाकताना दिसतात.

मंडई

झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीच्या या भागात दिवाळीचा खरा आनंद भाऊबीजेनंतर सुरू होतो. हलक्या धानाची कापणी झालेली असते, हाती थोडा पैसा आलेला असतो आणि लेकी-जावई गावात असतात. मग एकेका गावाची मंडई भरते. आज या गावची, उद्या शेजारच्या, असा क्रम लावलेला असतो, जेणेकरून दुकानदार आणि हौशी माणसे सर्वत्र पोहोचावीत. गोवारी समाजाची ढाल आणि नृत्य, दिवसा दंडार, रात्री नाटक. वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे याच लोहमार्गावर पुढे आहे. तेथील नाटक कंपन्यांचा हंगाम मंडईपासूनच तापतो.

मंडईत गोडाचे राज्य असते ते जिलबीचे. भट्टी दिवसभर पेटलेली, कढईत जिलबी पडत असते आणि कागदात बांधून घरोघर जाते. मंडईची जिलबी ही काही पाककलेचे शिखर नव्हे. पाक दाट असतो, रंग नको तितका भडक, आणि तासाभरात ती मऊ पडते. तरीही तिला पर्याय नाही. कारण ती तेथेच, त्या दिवशीच मिळते आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत मंडई पोहोचवण्याचे ते एकमेव साधन आहे. तिच्या भोवती बालूशाही, बत्तासे, रेवड्या, गुळपट्टी, शेव-चिवडा आणि मुरमुरे. सोडावालाही येथे हमखास दिसतो. मधल्या दिवसांत बंद असणारे यंत्र मंडईच्या महिन्यात पुन्हा फिरते, कारण येथे गिऱ्हाईक बाटली घेऊन पळत नाही. ते समोर उभे राहून पिते. अंतराचा जुना नियम मंडईत अजून लागू आहे.

हीच गर्दी पुढे शंकरपटात दिसते. बैलांच्या या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली आणि त्यांवर पोट असलेल्या खाऊच्या दुकानांचाही एक हंगाम बुडाला. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासंबंधीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडची यात्रा भरते. तेथे शिवमंदिर आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा जवळजवळ असल्याने दोन्ही समाजांचे लोक येतात. उन्हाचा चटका तेव्हा सुरू झालेला असतो, त्यामुळे वर्षातला पहिला थंडा अनेकांच्या घशाखाली प्रतापगडलाच उतरतो.

मुलांसाठी गोडाचा आणखी एक हक्काचा दिवस म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून घरोघर न्यायचे आणि 'बोजारा' मिळवायचा. पूर्वी त्यात खाऊ आणि चार-आठ आणे असत, आता चॉकलेट आणि नोट.

घरच्या गोडात येथे तांदूळ पुढे आहे. तीन दिवस भिजवून वाळवलेल्या तांदळाच्या पिठात गूळ मळून केलेले अनारसे दिवाळीला सर्वत्र होतात. सीमेपलीकडे छत्तीसगडात त्याचाच भाऊबंद 'अइरसा' म्हणून ओळखला जातो. सुगंधी चिनोर तांदळाची खीर हा या भागाचा खास अभिमान. भंडाऱ्याच्या चिनोरला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

संत्र्याचे काय?

विदर्भातील गोड म्हटले की बाहेरच्या वाचकाला प्रथम संत्रा बर्फी आठवेल. सौंदडच्या परिसरात संत्र्याच्या बागा नाहीत, हा धानाचा मुलूख. संत्री पश्चिमेकडे, नागपूर-अमरावतीच्या पट्ट्यात पिकतात. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मग एवढे प्रसिद्ध फळ दारात असताना विदर्भाने संत्र्याचे स्वतःचे शीतपेय का घडवले नाही? सोडावाल्याच्या 'ऑरेंज'मध्ये संत्रे नव्हते, अर्क आणि रंग होता. 'गोल्ड स्पॉट'चीही गोष्ट वेगळी नव्हती.

याचे एक कारण फळातच आहे. नागपुरी संत्र्याचा रस ताजा असताना मधुर लागतो, पण काढून ठेवला किंवा तापवला की त्यातील लिमोनिन नावाच्या घटकामुळे हळूहळू कडवट होतो. सोलून खाण्यासाठी सर्वोत्तम असलेले हे फळ बाटलीत जाताच रुसते. त्यावर प्रक्रिया करून कडवटपणा काढता येतो, परंतु त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागते, ती एका खोलीच्या कारखान्याच्या आवाक्याबाहेरची. खवा आणि साखरेबरोबर आटवलेल्या गराची बर्फी मात्र टिकते, गाडीतून मुंबई-कोलकात्याला जाते. साठ-सत्तरच्या दशकांच्या संधीवर हल्दीराम कुटुंबाची शाखा बिकानेरहून नागपुरात आली आणि तिने ती देशभर पोहोचवली. आज महामार्गावरच्या कोणत्याही मोठ्या थांब्यावर संत्रा बर्फीचा डबा मिळतो. चिंचवणी किंवा मोहाचा लाडू तेथे मिळत नाही. प्रवाशाला विदर्भाची चव म्हणून जे मिळते, ते असे डब्याच्या टिकाऊपणावर ठरलेले असते.

कर, बर्फ आणि खवा

छोट्या उत्पादकापुढील आजचा प्रश्न कराचा आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा साखर वा स्वाद घातलेल्या वायुयुक्त पेयांवर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन दर सरसकट ४० टक्के झाला. त्याच दिवशी वायू नसलेली फळांच्या रसाची पेये १२ वरून ५ टक्क्यांवर, आइसक्रीम १८ वरून ५ टक्क्यांवर आणि कोणताही स्वाद नसलेला साधा सोडाही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे कागदोपत्री एकाच यंत्रातून निघालेल्या साध्या सोड्यावर ५ टक्के आणि लिंबाच्या अर्काच्या सोड्यावर ४०. नोंदणीच्या मर्यादेखालील गावातल्या सोडावाल्याला हा भार थेट पडत नाही. पण तो थोडा मोठा होऊ पाहील तेव्हा लगेच पडतो. इतर छोट्या उत्पादकांना उलढालीवर अल्प दराने एकरकमी कर भरण्याची जी सवलत असते, तीतून अशी पेये बनवणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०१९ पासून वगळण्यात आले आहे. साखरेच्या पेयांवर जबर कर असावा, या धोरणामागील आरोग्याचा विचार चुकीचा नाही. तीनशे मिलिलिटर कोलात तीस ग्रॅमहून अधिक साखर असते, आणि दिवसाची मर्यादा शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोटी सोड्यातील साखर त्यापेक्षा गुणवान आहे असेही कोणी म्हणणार नाही. तथापि देशभर पसरलेली कंपनी आणि खोलीतले यंत्र यांना एकच पट्टी लावल्याने कोण टिकेल, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्री लागत नाही.

उघड्यावरचा थंडा घेताना बर्फाकडे पाहणे अगत्याचे. खाण्याजोगा नसलेला औद्योगिक बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याची सक्ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या उन्हाळ्यात केली. गोळ्याच्या किंवा रसाच्या गाडीवरील लादी निळसर दिसली तर सरळ पुढे जावे. मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईसमोरही 'अमुक दिनांकापूर्वी खावी' अशी पाटी हवी. हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासूनचा. सणासुदीच्या खव्याबद्दल शंका आल्यास थोडा खवा पाण्यात उकळून, गार झाल्यावर त्यावर टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात पिठाची भेसळ आहे. जिलबीचा रंग मात्र घरी सहज तपासता येत नाही. फार भडक पिवळी टाळावी, इतकेच.

सौंदडच्या वाटेने जाणाऱ्यांनी ऋतू पाहून यावे. उसाचा रस व पन्हे फाल्गुनापासून, बेल चैत्र-वैशाखात, चिंचवणी अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आणि तीही कोणाच्या घरी, अंबाडीचे सरबत हिवाळ्यात. मंडईच्या तारखा भाऊबीजेपासून गावोगावच्या भिंतींवर चिकटवलेल्या पत्रकांत सापडतात. त्यांवर नाटकाचे नाव मोठ्या अक्षरांत असते, जिलबीचा उल्लेख कोणी करीत नाही. सोडा मिळाला तर तेथेच उभे राहून प्यावा आणि बाटली खोक्यात ठेवूनच निघावे.